सोडलं तरी सांगून जा

प्रिय हिल्का,

काल सकाळी पाण्याच्या टाकीमागचा चढ पळून आले. मंगळवार होता ना. मंगळवारी चढ, गुरुवारी संथ, रविवारी लांब. हे वेळापत्रक तू आखलंस आणि मी ते पाळते आहे, एवढं आधीच सांगून टाकते. म्हणजे ‘मठाच्या शाळेतल्या मुलींना घाम चालत नाही’ हे तुझं लाडकं वाक्य ऐकायला नको. वर पोचल्यावर शिव्या घालायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून टाकीलाच घातल्या. टाकी तुझ्यासारखीच. ऐकून घेते आणि उत्तर देत नाही.

क्लबची बातमी अशी की आता सगळा कारभार त्या ऊना पोरीच्या हातात गेला आहे. तीच ती, जिला तू होकायंत्र कसं धरायचं ते शिकवलंस आणि जी आठवडाभर ते उलटं धरून फिरली. परवा मला गाठून अगदी गोड आवाजात म्हणाली, “इंकेरी, पंचाहत्तरीच्या पुढच्यांसाठी आम्ही एक निवांत वाट केली आहे. तळ्यापर्यंत सपाट आहे, मधे मधे बाकंही आहेत.” मी म्हटलं, “बाळ, बाकं मी गेल्यावर बसव, माझ्या नावाची पाटी लावून. तोवर मला दगड आणि दलदल दे.” ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. आपल्या वयाच्या बाईने रागाने काही म्हटलं की लोक हसतात, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. पूर्वी औषधाच्या दुकानात मी आवाज चढवला की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरत असे.

खालच्या मजल्यावरच्या नव्या शेजारणीने विचारलं, की दोघी म्हाताऱ्या हातात नकाशा घेऊन जंगलात पळत जाता आणि झाडांत लपवलेली नारिंगी-पांढरी निशाणं क्रमाने शोधता, ते कशासाठी? शेवटी मिळतं काय? मी सांगितलं, वाटाण्याचं सूप. ते खोटं नाही. पण मला मिळायचं ते खरं तर सुपानंतर. तुझ्या गाडीच्या टपावर दोन्ही नकाशे पसरून आपण पेन्सिलीने आपापली वाट काढायचो आणि तू माझ्या वाटेकडे बघून, गणिताच्या बाई चुकलेल्या उदाहरणाकडे बघतात तशी, मान हलवायचीस. “इथे डावीकडे का वळलीस?” “तिकडे पळायला बरं होतं.” “इंकेरी, निशाण कुठे आहे ते बघून वळावं. जमीन बरी आहे म्हणून वळू नये.” यावर आपण घरी पोचेपर्यंत भांडायचो आणि सौनाच्या वाफेत शिरल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

मी राजधानीतून इथे आले, त्या वर्षीची पहिली शर्यत तुला आठवत असेलच. तू ती विसरण्याची संधी मला कधी दिली नाहीस. शाळेत मी धावण्यात पहिली यायची. सिस्टर बेनिग्ना झगा सावरत मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या आणि मी वर्तुळात पळायची. जंगलात वर्तुळ नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी इतकी जोरात पळाले की नकाशाच्या बाहेर गेले आणि एका शेतकऱ्याच्या गोठ्याशी निघाले. तासाभराने चिखलाने माखून परत आले, तर शेवटच्या रेषेवरच्या टेबलामागून तू म्हणालीस, “पळतेस छान. कुठे, ते माहीत असतं तर आणखी छान.” मला इतका संताप आला की पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मग येतच राहिले. आयुष्यभर मी तुझ्यापेक्षा वेगाने पळाले आणि आयुष्यभर तू माझ्या आधी पोचलीस.

त्या टेबलामागे तू तीस वर्षं उभी राहिलीस. आपली शर्यत झाली की कोट चढवायचीस आणि कोण आलं, कोण राहिलं ते बघत थांबायचीस. उर्पोची गोष्ट अजून क्लबात सांगतात. शरद ऋतूतली शर्यत होती, थंड पाऊस लागला होता, सगळे परतले आणि उर्पो नाही. तू कुणाला घरी सोडलं नाहीस. सूप गार झालं, मुलं रडकुंडीला आली आणि आपण ओळ करून ओल्या झाडांतून त्याच्या नावाने ओरडत फिरलो. तू दलदलीत कमरेपर्यंत उतरलीस. शेवटी कुणाला तरी त्याच्या घरी फोन करायची बुद्धी झाली, तर स्वारी सौना उरकून मोहरीची चटणी लावून सॉसेज खात बसलेली. तिसऱ्या निशाणापाशी कंटाळा आला आणि हे महाशय आडवाटेने मोटारीपर्यंत चालत गेले. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर तू त्याला म्हणालीस, “उर्पो, तू मेला असतास तर आम्हाला बरं पडलं असतं. मेलेला माणूस निदान एका जागी सापडतो.” तो हसायला लागला. तू हसली नाहीस. म्हणालीस, “हरण्यात लाज नाही. सोडण्यातही नाही. न सांगता जाण्यात आहे. सोडलं तरी या टेबलापाशी यायचं, नाव सांगायचं आणि मग कुठे मरायचं तिथे मरा.”

ते ऐकून मला आमच्या शाळेचं जेवणघर आठवलं. तिथे परवानगीशिवाय टेबलावरून उठता येत नसे. कांजी गळ्याखाली उतरत नसली तरी हात वर करून सांगायचं, सिस्टर, मी उठते. मला वाटलं, एवढ्या लांब जंगलात येऊन शेवटी पुन्हा एका सिस्टरच्याच हाताखाली सापडले.

आता यंदाच्या वसंतातलं बोलू. बर्फ वितळला तेव्हा तुझ्या गाडीतल्या कप्प्यात मी पायाला बांधायची पट्टी शोधत होते. हाताला एक डबी लागली. लेबल खरवडून काढलेलं. तू स्टिअरिंगवरून नजर न हलवता म्हणालीस, “व्हिटॅमिन आहेत. हाडांसाठी.” हिल्का, मी चाळीस वर्षं औषधं विकली. लेबल खरवडून माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालीस? त्या गोळ्या मी अंधारात बोटांनी ओळखेन. त्या कुणाला देतात आणि किती उशिरा देतात, तेही मला ठाऊक आहे. मी डबी होती तिथे ठेवली, पट्टी बांधली आणि आपण पळायला गेलो. मी विचारलं नाही. शर्यतीत एकमेकींना वाट विचारायची नसते, हा नियमही तूच मला शिकवलास. तू सांगशील म्हणून थांबले. गुरुवारी थांबले, रविवारी थांबले. तू फक्त चढ कमी केलेस आणि म्हणालीस, यंदा गुडघा कुरकुर करतोय.

मग मे महिन्यातली ती संध्याकाळची शर्यत. तुझ्यामागून काही मिनिटांनी मी सुटले होते. उंच कड्याच्या खाली आले, तर तू एका दगडावर बसलेली, नकाशा घडी करून मांडीवर. तू शर्यतीत नकाशाची घडी घातलेली मी कधी पाहिली नव्हती. “तू पुढे हो,” म्हणालीस. “मी जरा उजेड बघते.” बर्चच्या झाडांत तो उजेड खरंच सुंदर होता, त्यामुळे माझा राग आणखीच वाढला. मी पुढे झाले. तुला ते हवं होतं म्हणून झाले आणि पुढचं निशाण चुकले. तू सगळ्यांत शेवटी आलीस, चालत. टेबलापाशी उभी राहिलीस आणि ऊनाला स्वच्छ आवाजात सांगितलंस, “हिल्का. सोडलं.” जन्मात पहिल्यांदा. पोरीने वर न बघता खूण केली आणि म्हणाली, “ठीक आहे, पुढचे.” मला तिच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं. पण तू समाधानी दिसलीस. म्हणालीस, “बघ, किती सोपं असतं.”

म्हणजे तुला येतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

जूनमध्ये, यूहान्नुसच्या सणाला, सौनात अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधून मी तुझ्याकडे आले. सौना थंड, पडदे ओढलेले, पायरीवरची बुटांची जोडी नाही. फोन वाजत राहिला. चौथ्या दिवशी तुझ्या रिस्तोचा संदेश आला, की आई माझ्याकडे तुर्कूला आहे, तिला शांतता हवी आहे, कृपया समजून घ्या. कृपया. त्या पोराला मी पाठीवर बसवून ब्लूबेरी वेचायला नेलं आहे, त्याच्या गोवराची औषधं मी स्वतः तयार केली आहेत.

मी गाडी पकडून तुर्कूला आले, हे तुला त्याने सांगितलं की नाही, ठाऊक नाही. नसेल सांगितलं तर आता ऐक. खाली दारावरची घंटा वाजवली. तो जिना उतरून आला, घरच्या चपलांत, दाढी वाढलेली, आणि दार अर्धंच उघडून उभा राहिला. “मावशी, ती नको म्हणते.” मी म्हटलं, “तिला सांग, इंकेरी आहे.” “सांगितलं. म्हणूनच नको म्हणते.” मी म्हटलं, “रिस्तो, बाजूला हो.” तर तो रडायलाच लागला, पन्नाशीचा बाप्या, आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही मला ढकलून वर जाल, ते माहीत आहे मला. पण तिने आयुष्यात माझ्याकडे एवढंच मागितलंय. जाऊ नका.” मी नाही गेले. आणलेला काळा पाव त्याच्या हातात दिला आणि परत निघाले. वर कुठल्या खिडकीत तू होतीस, ते त्याला विचारायचंही सुचलं नाही. गाडीत पूर्ण वेळ मी भांडत होते, तुझ्याशी. समोरच्या बाकावरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली.

तिथल्या इस्पितळातही फोन केला. तिकडून विचारलं, आपण पेशंटच्या कोण? मी काय सांगणार होते? बहीण नाही, सून नाही. मंगळवार, गुरुवार आणि रविवार, असं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच भरती करून घेतलं असतं. “फक्त जवळच्या नातेवाइकांना माहिती देतो,” म्हणाली ती मुलगी. मी फोन आपटला. आजकालचे फोन आपटताही येत नाहीत, नुसते दाबावे लागतात.

तू असं का केलंस, ते मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जास्त संताप येतो. मी तुला तशी बघू नये, अशी तुझी इच्छा. तू नेहमी माझ्या आधी पोचणारी, झाडाला टेकून सफरचंद खात माझी वाट बघणारी. तीच मला लक्षात राहावी. हिल्का, हा उर्पोपणा आहे. तूही आडवाटेने मोटारीपर्यंत चालत गेलीस.

रविवारी आपल्या क्लबची ऑगस्टची शर्यत आहे. ऊनाने विचारलं, हिल्काचं नाव काढू का? मी म्हटलं, राहू दे. तुझी सुटायची वेळ माझ्या बरोब्बर एक मिनिट आधी आहे. घंटा वाजेल, रेषेवर कुणी नसेल, ते मिनिट रिकामं जाईल आणि मग मी सुटेन. ऊना तुझ्या नावापुढे लिहील, ‘सुटली नाही’, आणि निश्चिंत होईल, कारण जी सुटलीच नाही तिला कुणी शोधत नाही. पण तू सुटली होतीस. मी होते तिथे, मी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. बरी हो, असं मी लिहिणार नाही. त्या गोळ्या मी ओळखते. भेटायला बोलाव, असंही नाही. तू बोलावणार नाहीस. मला फक्त एक शब्द हवा आहे, तोच, मे महिन्यात म्हणालीस तो. लिहिता येत नसेल तर रिस्तोला सांग, त्याच्याकडून पाठव. (रिस्तो, तूच हे वाचून दाखवत असणार. इथे घसा खाकरू नकोस, सरळ वाच.) माझ्या हातात हे पत्र नीट घडी करून पाकिटात घालायचं तेवढं राहिलं आहे आणि मला पक्कं ठाऊक आहे की उत्तर येणार नाही. कदाचित पत्र पोचेपर्यंत विचारायलाही कुणी नसेल. तरी रविवारी माझी शर्यत झाली की मी कोट चढवून टेबलामागे उभी राहणार आहे. सगळे परततील, सूप संपेल, पोरं तंबू उतरवतील, ऊना म्हणेल, “चला ना, आता कुणी राहिलं नाही.” आणि मी म्हणेन, एकजण आहे.

तुझीच,
इंकेरी