वायर मी हलवली नव्हती

दीपेश,

मी एसटीने उरणला शकूमावशीकडे चाललेय. फ्रिजमध्ये कोलंबीचं कालवण आहे, भात तेवढा लाव.

काल तुझ्या नि मनस्वीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ अडकायला लागला, आवाज पुढे आणि चित्र मागे, तेव्हा तिच्या आईवडिलांसमोर तू म्हणालास, "आईने पुसताना वायर हलवली असणार. कॉम्प्युटरला हात लावू नको म्हणून हिला किती वेळा सांगायचं!" मी पोह्यांच्या बशा घेऊन तिथेच उभी होते.

आज खालच्या मजल्यावरच्या मोनालीला बोलावलं. बाकीचे सगळे व्हिडिओ सुरळीत चालले. हा पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर घेतला, दुसऱ्या प्लेयरमध्ये लावला, तरी अडकलाच. फाइल फोर-के, म्हणजे खूप मोठी आहे आणि तुझा कॉम्प्युटर कॉलेजच्या वेळचा, त्याला ती झेपत नाही. मोनालीने त्याची लहान फाइल करून दिलीय, ती न थांबता चालते. मोठी पुसू नकोस. लहानीतसुद्धा तू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडतोस ते अगदी स्वच्छ दिसतं.

मला सॉरीचे मेसेज पाठवू नकोस. मनस्वीच्या घरी फोन कर आणि वायरीला काही झालं नव्हतं हे त्यांना सांग. त्यांचा मला फोन आला, की मी पनवेलची एसटी धरेन.

आई