सातचा शेक

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

संध्याकाळी घरात विजेवर काय काय चालतं, ती तुझी यादी मिळाली. (फोन नाही, पत्रच! माझं मराठी गंजू नये ही तुझी अट मी पाळतेय बरं का.)

वीज कंपनीतलं माझं पहिलं काम आणि पहिलं घर तुझं! संध्याकाळी सात ते नऊ अख्खं गाव एकदम बटणं दाबतं. तेवढ्या दोन तासांसाठी कंपनीला जास्तीचं जनित्र चालवावं लागतं. म्हणून हे तीन स्मार्ट प्लग पाठवतेय. सातला आम्ही इथूनच बंद करणार, नऊला आपोआप चालू. एक गिझरला लाव, एक कपड्यांच्या मशीनला, तिसरा काकांच्या शेकाला. काकांना सांग, रोज सातला शेक हवाच कशाला? या वयात एवढे लाड बरे नाहीत, दोन तास दम धरा!

तुमचा माझ्यावरचा लोभ असू दे, विजेचा तेवढा कमी करा.

तुझी,
खटपट

दि. १५ मार्च

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

प्लग लावले. आंघोळी सकाळवर ढकलल्या, कपडे नऊनंतर धुते, काही अडत नाही. शेकाचं म्हणशील तर नऊपर्यंत काकांना गोळीने झोप लागते, त्यामुळे तो राहतोच. तुझं 'लाड' त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोरीचं पहिलं काम आहे, आपण खोडा घालायचा नाही. त्यांचं फिरणं सध्या बंद आहे.

तुझ्या साहेबांना आमचं घर पसंत पडलं का, ते कळव. लोभ आहेच, तो मोजायला मीटर नको.

मावशी

दि. ३१ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार लिहितानाही मान वर होत नाहीये.

काल न सांगता आले आणि बस चुकेल म्हणून पाच मिनिटांत पळाले. बस नव्हतीच गं. सात वाजले होते. काका भिंतीला धरून खुर्चीपर्यंत आले. तू उकळत्या पाण्याची पिशवी भरत होतीस, अंगठ्यावर हा एवढा फोड. आणि पलंगाशी पाठ शेकायची ती विजेची पट्टी, तिच्या वायरीला माझा प्लग.

मावशी, मी शेक म्हणजे मिक्सरमधला शेक समजले. केळ्याचा! फॉर्मवर 'थांबलं तरी चालेल' या रकान्यात मीच टाकला. वर काकांना दम धरायला सांगितलं. तुझं पत्र आलं तेव्हा साहेबांनी तुमच्या घरच्या वीजबचतीचा आलेख भिंतीवर लावला होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नादात 'फिरणं बंद' वाचूनही मी का ते विचारलं नाही.

आज सकाळी ऑफिसात उभी राहून सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, त्या शेकामुळे वीज वाचली तरी किती? एका दिव्याइतकी, मी म्हणाले. तिसरा प्लग काढून फेकून दे.

लोभ मागायचं तोंड नाही.
खटपट

दि. ५ एप्रिल

चि. खटपटीस आशीर्वाद, पहिल्याइतकेच.

लाज एकट्या तुझीच नाही. पोर शिकलेली, तिला उलट काय विचारायचं, म्हणून मी गप्प बसले. पाठ त्यांची, आणि मान राखत होते मी तुझ्या प्लगचा. गिझरचा आणि मशीनचा आहे तिथेच राहील, ती दोन कामं खरंच थांबू शकतात. पुढच्या घरी मात्र यादी मागू नकोस. सातला जाऊन बस आणि बघ.

परवा शेक झाल्यावर त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. केळ्यापाशी आले आणि ते हसायला लागले. पाठीला हात न लावता हसले, महिन्यात पहिल्यांदा.

लोभ मागायचा नसतो गं, घरी येऊन घ्यायचा असतो.

मावशी

ता. क. येताना केळी आण. ते म्हणतात, आळ आलाच आहे तर एकदा पिऊनच बघू. मिक्सर नऊनंतर लावू.