दिवसा न दिसणारी आग

३ मार्च

न्येमाबुगू गावी पोचलो. बसने फाट्यावर सोडलं, पुढचा रस्ता गाढवाच्या गाडीत, माझ्याच ट्रंकेवर बसून. तरी मन प्रसन्न आहे. तेवीस वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केले, आता हे पहिलं इंजिन असं की ज्याच्या धुराड्याला रुमाल लावला तर तो फक्त ओला होतो. इथे पाण्यासाठी बोअर मारली होती, पाण्याऐवजी हायड्रोजन लागला. तोच इंजिनात जळतो. त्याच्या विजेवर गावातले दिवे, बायकांची गिरणी आणि दवाखान्यातला लसींचा फ्रिज चालतो.

दवाखाना आमच्या कुंपणाला लागूनच. तिथली दाई कोरोतुमू केइटा, पन्नाशीची, आवाज खणखणीत. माझं आडनाव ऐकताच म्हणाली, "कुलिबाली? म्हणजे चवळीखाऊ. मग बोअर कशाला, ह्यालाच नळी जोडा." केइटा आणि कुलिबालींनी एकमेकांची टर उडवायची ही वाडवडिलांपासूनची रीत. मीही सोडलं नाही. म्हटलं, केइटांना आमच्या आजोबांनी बाजारातून आणलं होतं, खातात फार म्हणून परत केलं. सगळ्या बायका हसल्या. रात्री तिच्याकडूनच जेवण आलं, बाजरीच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, गोरखचिंचेच्या पाल्याच्या कालवणासोबत. पोटभर जेवलो.

५ मार्च

आधीचा माणूस फाकुरूदादा दोन दिवस सगळं शिकवत होता. इंजिनाच्या खोलीला छप्पर नाही, ते मुद्दाम. हा गॅस सगळ्यांत हलका. वाट मिळाली की वर निघून जातो, छपराखाली अडकला की कधीतरी खोलीच उडवतो. साठवणीची टाकीही उघड्यावर. टाकीतून इंजिनाकडे जाताना गॅस पाण्याच्या पिंपातून बुडबुडे काढत जातो, म्हणजे इंजिनातली आग उलटी फिरून टाकीपर्यंत पोचत नाही. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने, कारण ह्याला वास नाही.

शेवटी त्याने मला लांब दांड्याचा गवती झाडू दिला. म्हणाला, "आवारात पाऊल टाकायचं ते हा पुढे धरून. ही आग रात्री निळसर दिसते. दिवसा अजिबात नाही. तू तिच्यात पाय घालतोस तेव्हा कळतं." त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.

तो आठवडाभर थांबणार होता, पण आज पहाटेच गेला. मला मिठी मारताना त्याचे डोळे भरून आले. भला माणूस. फक्त देखभालीच्या वहीत ऑगस्टनंतर एकही नोंद नाही, सात महिन्यांत तेल बदललेलं नाही. आळस म्हणायचा.

१२ मार्च

आज सकाळी दहाला तेल बदलायला इंजिन थांबवलं. नियमाप्रमाणे बोअरच्या तोंडाची चावी बंद केली. नऊ दिवसांत पहिल्यांदा शांतता. पिंपाची गुडगुड थांबली आणि किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

वीस मिनिटांनी कोरोतुमूची मेंढी कुंपणाच्या भोकातून आत आली. आवाराच्या मध्यावर आली आणि पोटाखालची लोकर आपोआप काळी पडली. मग पाय. ती ओरडत गोल फिरत होती आणि तिच्या आजूबाजूला काहीही नव्हतं. स्वच्छ ऊन. मी झाडू घेऊन पुढे गेलो. बोअरपासून सहा पावलांवर झाडूचं टोक पेटलं. तिथे नळी नाही, जोड नाही. नुसती जमीन.

तसंच जुनं तेल परत ओतलं आणि इंजिन चालू केलं. अर्ध्या तासाने त्याच जागी झाडू धरला. पेटला नाही.

आता सगळं कळलं. बोअरच्या नळाभोवतीचं सिमेंट खाली कुठेतरी फुटलं आहे. इंजिन गॅस ओढतं तोवर ठीक. थांबलं की गॅस जमिनीतून वाट काढतो. दवाखान्याच्या अंगणात दिवसभर चुली पेटलेल्या असतात, ठिणगीला काय तोटा. म्हणून फाकुरूने सात महिने इंजिन थांबवलं नव्हतं.

मेंढीचे हाल मीच संपवले. कोरोतुमूला म्हणालो, भरून देतो. ती म्हणाली, मेंढीचं राहू दे, तू आधी पाणी पी.

१४ मार्च

गॅस हवेत सोडायची एक वेगळी नळी आहे. ती उघडली तर इंजिन थांबवता येईल, म्हणून चावी फिरवली. अख्खी चावी बिस्किटासारखी तुटून हातात आली. चांगलं पोलाद, पण वर्षानुवर्षं ह्या गॅसने ठिसूळ झालेलं. बाकीचे जोड कसे असतील त्याचा विचार करत नाही.

कंपनीला फोन लागला. साहेबाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, सिमेंट भरायचं यंत्र दक्षिणेला आहे, पावसाळ्यानंतर येईल. तोवर तुम्ही अनुभवी आहात, सांभाळून घ्या. फाकुरूचा फोन लागत नाही.

२३ मार्च

दमलो आहे. दोन तास झोप, मग उठून पिंपातलं पाणी बघायचं, तेल वरून थोडं घालायचं, बेअरिंगवर हात ठेवायचा. दिवसा झाडू. खोलीपासून कुंपणाच्या फाटकापर्यंत चाळीस पावलं, प्रत्येक पावलाआधी झाडू. इंजिन चालू असूनही आता तीन जागी पेटतो. परवा एकच होती.

रात्रीची मला भीती वाटत नाही. रात्री बोटभर उंचीच्या निळ्या ज्योती दिसतात, मोजता येतात. मी सूर्य उगवण्याची धास्ती घेतो. उजाडलं की त्या पुसल्या जातात आणि आवार रिकामं, साधं दिसतं. उन्हाने सगळीकडचीच हवा थरथरते. कुठली थरथर कशाची ते कळत नाही.

घरून, सेगूहून, बायकोचा फोन आला होता. आवाज असा का येतोय म्हणाली. म्हटलं, इंजिन चालू आहे ना.

२९ मार्च

अकरा जागा.

गावप्रमुखाला सगळं सांगितलं. सभा झाली. एक म्हातारा म्हणाला, हा शहरचा माणूस, इथे करमत नाही म्हणून इंजिन बंद करायला बघतो. मग एका बाईने आपले तळहात पुढे केले, मुसळाचे जुने घट्टे होते. म्हणाली, "गिरणी बंद झाली की हे परत." आणि मी तर इंजिन बंद करू नका असंच सांगत होतो.

फक्त कोरोतुमूने विचारलं, दवाखान्याला किती वेळ आहे. मी म्हटलं, माहीत नाही. तिच्याकडे चार बाळंतिणी आहेत, एकीचं पोट फाडून काढलेलं मूल, तिला हलवता येत नाही.

२ एप्रिल

बेअरिंग वाजायला लागलं. सकाळपासून. खण, खण, मध्येच एक ठोका चुकतो. जोडावर साबणाचं पाणी लावलं, फेस आला. दुसऱ्या जोडावर लावलं, तिथेही. कापड ओलं करून गुंडाळलं. ह्याने काही होत नाही, ठाऊक आहे. हात रिकामे नकोत म्हणून.

चप्पल जळाली. पाय नाही. अजून नाही.

४ एप्रिल, सकाळ

आज ते बंद पडणार. तेवीस वर्षं आवाज ऐकले आहेत, चुकत नाही.

कोरोतुमूला सांगितलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना टेकाडापलीकडे ने. तिने एकही प्रश्न विचारला नाही. दोन गाड्या मागवल्या, गाद्या घातल्या. प्रमुखाने घरं रिकामी करवली, तो म्हाताराही निघाला. मी सांगितलं, तुम्ही पोचेपर्यंत चालू ठेवतो, मग मागच्या कुंपणावरून येतो. तिने रोखून बघितलं. "येशील ना, चवळीखाऊ?" म्हणाली. म्हटलं, केइटांच्या हातच्या जेवणातून सुटका होते आहे, का येणार नाही.

फाटकापर्यंतची वाट झाडूने तपासली. मोकळी. तिलाही सांगितलं, तेवढीच वाट वापर.

साडेअकरा

पहिली गाडी टेकाडापाशी. दुसरी सावकाश, पोट शिवलेल्या बाईमुळे. बेअरिंगवर पाणी ओततो आहे. वाफ. इथून हलता येत नाही, म्हणून लिहितो.

मागच्या कुंपणाकडे झाडू धरला. पेटला. डावीकडे, पेटला. तिकडून जाणं—

फाटकाची वाट आहे.

बारा वाजून पाच

दुसरी गाडी पलीकडे गेली. शेवटची ओढणी दिसेनाशी झाली. रडू आलं. पुरे आता.

बारा दहा

थांबलं.

पिंपही थांबलं. किती शांत. चिमण्यांचा आवाज येतो आहे. सवयीने बोअरच्या तोंडाची चावी बंद करायला गेलो, फिरत नाही. निघायला हवं. झाडू—

फाटकाच्या वाटेवर झाडू पेटला. तीन पावलांवर. बाजूला धरला, तिथेही. सकाळी मोकळी होती. मीच तपासली होती. झाडू आता दांड्यापर्यंत—

खोलीच्या भिंतीवर चढून बसलो आहे. वीट गरम.

बारा सतरा

कुणीतरी टेकाडावरून परत येतं आहे. एकटंच. निळं लुगडं, डोक्यावर पाण्याची घागर.

कोरोतुमू.

इंजिन थांबलेलं ऐकून मला न्यायला आली. फाटक उघडलं. मी ओरडतो आहे, हात हलवतो आहे. तिला वाटतं बोलावतो आहे. तीही हात हलवते. काहीतरी बोलते, चवळीचंच असेल.

तीच वाट. मी सांगितलेली. तिच्या आणि माझ्यामध्ये स्वच्छ ऊन, काहीही नाही, काहीच दिसत नाही, मी उडी टाकतो, ती थांबेल, मला बघून तरी—