लाल थराच्या खाली

किन्हीराजा,
गुरुवार, दुपार

प्रिय स्नेहा, जय भीम.

हे पत्र मी आपल्या विहिरीत बसून लिहितो आहे. हसू नकोस. एप्रिलात तिचं पाणी तळाला जातं आणि दुपारी साऱ्या गावात यापेक्षा गार जागा नाही. खालच्या पायरीवर बसलं की वर एवढंसं गोल आभाळ दिसतं, भिंतीतले पारवे घुमत असतात, आणि कुणी हाक मारली तरी ऐकू आली नाही म्हणायची सोय असते. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. पोस्टाने डेहराडूनला पोचेस्तोवर तुझा सोमवार निघून जाईल, तेव्हा शेजारचा अश्वजित याचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचू नको म्हटलंय त्याला. वाचेलच. सोमवारपर्यंत डोंगरातल्या दुसऱ्या फेरीसाठी नाव दिलं नाही तर संशोधनाची जागा जाते, असं तूच सांगितलंस. आणि नाव देणार नाही, सामान बांधून घरी येते, हेही तूच सांगितलंस. तेव्हापासून तो डोंगर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझं सगळं बोलणं मी या भिंतीला लावून बघतो. इथे कसं सरळ आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली गेरूसारखा लाल थर, त्याखाली पुन्हा पाषाण. लाव्हा आला, निवला, त्याच्यावर माती झाली, मग दुसऱ्या लाव्ह्याने ती माती भाजून लाल केली, हे तू कॉलेजात शिकून आलीस तेव्हा मला कळलं. पस्तीस वर्षं मी विहिरी खोदल्या, पण ती भाजलेली माती आहे हे मला ठाऊक नव्हतं. आता त्या लाल पट्ट्यावर हात ठेवला की वाटतं, इथे कधीतरी ऊन पडलं असेल, वारा सुटला असेल, आणि बघायला कुणीच नसेल. मग डोळा लागतो आणि तुझा समुद्र येतो. हिमालयाच्या माथ्यावर शंख सापडतात म्हणालीस ना, तोच समुद्र. तो आपल्या रानावरून हळूहळू वर चढत जातो, आणि त्याच्या तळाशी तू वही घेऊन चाललेली असतेस, पाय ओले न होता. तुझ्या पाठोपाठ मीही चालतो. हाक मारत नाही.

तुझी चूक काय झाली ते मला समजलं आहे. पहिल्या फेरीत त्या दरीत खाली दिसलेला दगड तू जुना धरलास आणि वरचा नवा. तिकडे उलटं होतं. जमिनीच्या रेट्याने जुना खडक सरकत येऊन नव्याच्या डोक्यावर बसला होता. 'बाबा, हिमालय म्हंजे कोनं तरी जोरानं रेटलेली सतरंजी हाय, घडीवर घडी चढली,' असं तूच मला मागे सांगितलं होतंस, तरी नकाशा काढताना हात सवयीने चालला. आणि तुझे सर सगळ्यांसमोर म्हणाले, ही तुमच्या गावची विहीर नाही. पोरी, ती सवय माझी आहे. विहिरीत नवा थर लागला की त्याचा एक दगड काठावर रांगेत मांडायचा, ही आमच्या टोळीची रीत. तू पाच वर्षांची असशील. आईबरोबर डबा घेऊन यायचीस आणि ती रांग म्हणून दाखवायचीस, हा धाकटा, हा मोठा, हा आजा. सगळ्यात खालचा तो आजा. शाबासकी मीच दिली. तेव्हा सरांना सांग, रागवायचं तर माझ्या बापावर, देवमनवर रागवा.

आता माझी चूक ऐक. ही तुला कधी सांगितली नाही. तुझ्या जन्माआधी इंझोरीला शालिग्राम पाटलांची विहीर घेतली होती. चाळीस फुटांवर लाल थर लागला, कोरडा ठणठणीत. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, 'पाटील, इथं पानी नाई. बुजवा.' त्यांनी दुसरी टोळी आणली. तिने तो थर फोडला, खाली सहा फुटांवर भोकाभोकांचा दगड लागला आणि पाणी असं आलं की माणसं अवजारं टाकून वर पळाली. मी घरी येऊन बसलो. पहार माळ्यावर टाकली, म्हटलं आता कुणाकडे सालदार राहीन. तुझ्या आईने तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी म्हणाली, 'तोंड कायले लपवून राह्यले? जा, उतरा त्या हिरीत आन् पाहून या काय चुकलं ते.' गेलो. पाटील काठावरच होते. त्यांनीच दोर धरला. गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून मी तो लाल थर बोटांनी चाचपला. शरमेने मान वर होत नव्हती, पण धंदा मी त्या दिवशी शिकलो. पुढे लाल थरावर कधी थांबलो नाही.

हे सगळं उपदेश करायला लिहिलेलं नाही. कारण वेगळंच आहे, आणि त्याच्यापर्यंत यायला मला चार पानं लागली. तू फोनवर रडत होतीस, येते म्हणालीस, आणि मी म्हणालो, 'ये माय, घर तुहंच हाय.' फोन ठेवला आणि मी खूश झालो, स्नेहा. तुझी आई गेल्यापासून दोन वर्षं मी एकट्यापुरती भाकर थापतो. आता दोघांचं पीठ मळायचं, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी मालेगावहून तुझ्यासाठी नवी गादी आणली. तू तिकडे हरून बसली होतीस आणि इथे तुझा बाप गाणं म्हणत गादी उन्हात घालत होता. त्याची मला फार लाज वाटते. ते 'ये' माझ्या एकटेपणाचं होतं, तुझ्या भल्याचं नव्हतं, म्हणून ते मी परत घेतो. सोमवारी नाव दे. त्याच दरीत जा, त्याच दगडापाशी बस. नंतर ये, हवी तितकी राहा. तोवर त्या गादीवर मी झोपतो, चांगली मऊ आहे.

तुझाच, सोमवारची वाट पाहणारा,
बाबा