बाण सूत्रातच राहावा

मी, अहल्या जयवंतराव दिघे, वय वर्षे ७४, राहणार रावपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. शलाका मोहिते यांनी तपासून दिला आहे. तरीही ज्याला शंका असेल त्याने समोर बसून माझ्याकडून एखादे समीकरण सोडवून घ्यावे.

१. राहते घर मुलगा उत्कर्ष व सून अस्मिता यांना समाईक. कारेलीबागेत राहायला गेल्यापासून उत्कर्ष या घराला नाक मुरडतो. विकायचे झाल्यास दोघांच्या सह्या लागतील, त्याच्या एकट्याची चालणार नाही.

२. बँकेतील ठेव व दागिने नात सानवीला, ती सज्ञान झाल्यावर. पाटल्या मोडून तिने स्कूटर घेतली तरी माझी हरकत नाही.

३. प्रुफे तपासायचे भिंग अस्मिताला. हे जयवंतरावांचे. ते गेल्यावर वाडीतला छापखाना खिळ्यांसकट मोडीत निघाला आणि भावकीने सल्ला दिला, की बाईमाणसाने आता शिकवण्या कराव्यात. मी संगणक घेतला, लाटेक ही गणिती मजकूर जुळवायची संगणकी पद्धत शिकले आणि गणिताची पुस्तके जुळवू लागले. त्या भावकीला या मृत्युपत्रात काहीही नाही, हे मुद्दाम नोंदवते.

४. मॅक्रोंची फाईल. हीच माझी खरी इस्टेट. मॅक्रो म्हणजे मी बनवलेल्या छोट्या आज्ञा. दोन अक्षरे टंकली की आख्खे चिन्ह उमटते. प्रत्येकीला मी कुंपण घातले होते, की तिने गणिती सूत्राच्या आतच माझे ऐकावे. कारण साध्या मजकुरात त्याच आज्ञेला दुसरे काम असते. त्यातलीच एक सूत्रात अक्षरावर बाण काढते, मजकुरात परदेशी नावांवरची बारीक खूण.

मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना उत्कर्षने आपल्या क्लासच्या पुस्तिकेच्या घाईत ते कुंपण काढून टाकले. अस्मिताने अडवले, तर म्हणाला, "चालशे." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याच फाईलवरून प्रा. लक्ष्मीकांत वैद्य यांचे पुस्तकही त्याने परस्पर छपाईला धाडले. अर्पणपत्रिकेत त्यांच्या प्रागमधल्या दिवंगत गुरूंचे नाव होते. त्या नावावर बाण छापला गेला.

लक्ष्मीकांतराव प्रत घेऊन आले, पान उघडून समोर ठेवले आणि एवढेच म्हणाले, "अहल्याबाई, माझ्या सरांना बाण मारलात." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. उत्कर्षला म्हटले, जा, माफी माग. त्याचे म्हणणे, एवढ्याशा खुणेसाठी कोण जातंय, म्हातारा विसरेल. म्हातारा विसरलेला नाही. ते पुस्तक त्यांनी आजवर कोणाला भेट दिलेले नाही.

५. म्हणून फाईल, ग्राहक आणि कामाचे नाव अस्मिताला. कुंपण तिने पुन्हा घातले आहे, ते कोणी काढू नये. उत्कर्षला यात अर्धा हिस्सा मिळेल, पण एकाच अटीवर. दुरुस्त केलेले पान मी छापून ठेवले आहे. ते घेऊन त्याने लक्ष्मीकांतरावांकडे स्वतः जावे व माफी मागावी. कुरियर चालणार नाही. बायकोला पाठवलेले तर मुळीच चालणार नाही. लक्ष्मीकांतराव एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. ते गेले की अट संपली, आणि हिस्साही.

६. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघत बसणार नाही. येत्या रविवारी जेवणे झाल्यावर मी ते उत्कर्षला वाचून दाखवणार आहे. रागावला तर रागावू दे. माझा मुलगा वाईट नाही, त्याला वेळेवर लाज वाटत नाही एवढेच. तो तसाच राहिलेला बघून मला मरायचे नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्या दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

स्थळ: रावपुरा, बडोदे
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

(सही) अहल्या जयवंतराव दिघे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शलाका मोहिते
२. (सही) लक्ष्मीकांत वैद्य

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वहस्ते लिहिलेले: उत्कर्ष, मी संध्याकाळी घरीच असतो. पान नाही आणलंस तरी ये.