वाडीचं पाणी

प्रिय माय,

आज सकाळी तुझी भाज्यांची वाडी आम्ही उपटून टाकली. बाबांनी आणि मी. ही बातमी तुला दुसरं कोण देणार, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी हिंदीत झाली, मराठी लिहिताना अजून अडखळते. पण तुझ्याशी हिंदीत कधी बोलले का मी?

आधी एवढं सांगते, कुणी गेलं नाही. मधले काही दिवस असे होते की हे वाक्य मला लिहिता येईल की नाही, याचीच खात्री नव्हती.

वाडी कशी सुरू झाली, आठवतं? टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या देशातली लेकरं दाखवत होते, हातात रिकामी भांडी घेऊन उभी. बाबा म्हणाले, बदल ते, घास उतरत नाही. तू बदललं नाहीस. तिरोडीला खाणमजुरांच्या वस्तीत मीठ घातलेल्या पेजेवर वाढलेली तू, बघत राहिलीस. मग म्हणालीस, "तिथवर माहा हात नाही पोचत. या गल्लीत पोचते." आणि दुसऱ्या दिवशी घरामागचा, नाल्यापर्यंत पसरलेला कचरा उचलायला लागलीस.

बालाघाटसारख्या शहरात, गल्लीच्या टोकाला शेती? लोक हसले होते. पण तुझं म्हणणं साधं होतं. रेशनचा तांदूळ सगळ्यांच्या घरी येतो, त्या भातासोबत लेकरांच्या ताटात काय पडतं? वाडीनं गल्लीचं पोट भरणार नाही, हे तूच सांगायचीस. भातावर काहीतरी हिरवं पडेल, इतकंच. आणि पडलं. पालक, चवळी, दोडके, काकड्या, मुनग्याच्या शेंगा. शेजारच्या दुर्गाची गुडिया काडीसारखी होती, अंगणवाडीत तिचं वजन भरत नव्हतं. तुझ्या भाजीवर तिच्या गालावर मांस चढलं. दुर्गा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

थंडीत तू गेलीस आणि वाडी बाबांनी हाती घेतली. भरवेलीच्या खाणीत जन्म काढलेला माणूस, घरी पाण्याचा गडवासुद्धा कधी हातानं घेतला नव्हता. ते दिवसभर वेलींना आधार देत बसायचे. तू गेल्यावर घरात ते बोलेनासे झाले होते, पण वाडीत बोलायचे. झाडांशी, आणि बहुतेक तुझ्याशी. मला बरं वाटायचं.

मग उन्हाळा आला. हापशी कोरडी पडली. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही प्यायला पुरेल न पुरेल. दारोदारची झाडं वाळली, आपली वाडी मात्र हिरवीगार. लोक बाबांचं कौतुक करायचे, ते मान खाली घालून हसायचे. मी कापडाच्या दुकानातून संध्याकाळी घरी यायची, तेव्हा वाफे ओले झालेले असायचे. मला वाटलं, तू करायचीस तसंच ते करत असतील. तू बादली घेऊन घरोघर फिरायचीस ना, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मागत.

एके दिवशी दुपारी दुकानात फोन आला. गुडियाला जुलाब आणि उलट्या, थांबेचनात. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. नर्सला सलाइन लावायला शीर सापडत नव्हती. दुर्गा भिंतीला टेकून उभी होती. आपल्या गल्लीतली आणखी दोन लेकरं त्याच वॉर्डात. डॉक्टर प्रत्येक लेकराच्या आईला एकच विचारत होते: बच्ची ने कच्चा क्या खाया? दुर्गानं आठवून सांगितलं. घरचा वरण-भात. आणि काकडी. दुसऱ्या दोघींनीही तेच सांगितलं.

माय, काकडी आपल्याच वाडीची होती. तिघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी घरी आले. बाबा वाडीतच होते. वाफे ओले होते आणि घरातली टाकी कोरडी होती. मी विचारलं, बाबा, पाणी कुठलं?

ते खुरपत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"नाल्याचं."

आपल्या मागचा नाला, माय. ज्यात सगळ्या मोहल्ल्याची घाण वाहते तो.

"काहून, बाबा?"

"तुह्या मायची झाडं मरून राह्यलती." मग म्हणाले, "तुही माय मांगे लोकायले पाणी. मले मांगता नाही आलं."

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण आधी डॉक्टरांना सांगायचं होतं. मी निघाले तर बाबा चप्पल घालून दारात उभे. म्हणाले, मीच सांगतो. ते माझ्यामागे स्कूटीवर बसले. रस्ताभर मी मनात एकच घोकत होते, गुडियाला काही झालं तर या माणसासोबत मी एका घरात कशी राहू?

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी फार वेळ दवडला नाही. वाडीतलं काहीही कुणी खायचं नाही, सगळं काढून टाका आणि माती उन्हात उघडी पडू द्या, एवढं बजावून ते लेकरांकडे वळले. मग बाबा दुर्गासमोर गेले. जे केलं ते सांगितलं, काही लपवलं नाही. झाडांसाठी केलं, तुझ्यासाठी केलं, असंही म्हणाले नाहीत. दुर्गा त्यांच्याकडे पाहत राहिली. आपल्या घरी येऊन तुझ्या हातचा चहा पिणारी दुर्गा.

"बाहर जाइए, भाऊ," ती म्हणाली. "अभी मेरे सामने मत रहिए।"

ते बाहेर गेले आणि कडुनिंबाची सावली सोडून उन्हातच बसून राहिले. मी उठवलं नाही.

बाकीची दोन लेकरं लवकर सुधारली. गुडियाचं मात्र रोज खालीवर व्हायचं. गल्लीत आमच्याशी कुणी बोलेना. वाडीत कुणीतरी कचरा आणून टाकला, पुन्हा उकिरडा करायला सुरुवात केली. बाबा जेवत नव्हते, आणि खरं सांगू, मी आग्रहही करत नव्हते. तुझ्यावरसुद्धा राग यायचा. इतकी वर्षं तू एकटीच दारोदार फिरलीस. एकदा तरी बादली त्यांच्या हातात द्यायची होतीस. एकदा तरी सोबत न्यायचं होतंस. सगळं तू करून ठेवायचीस, म्हणून त्यांना कुणापुढे हात पसरायची वेळच आली नाही.

काल गुडिया घरी आली. तिच्या बापाच्या खांद्यावर होती. मी खिडकीतून पाहिलं.

डॉक्टरांनी सांगूनही इतके दिवस आमचा हात उचलला नव्हता; आज सकाळी बाबांनी वाडी उपटायला घेतली. मीही गेले. लोक दारात उभे राहून पाहत होते, कुणी पुढे आलं नाही. काकडीचे वेल, टमाट्याची झाडं, फळांनी लगडलेली, उपटून ढीग लावला. माय, भुकेल्या गल्लीसमोर अन्न असं फेकताना कसं वाटतं, ते तुला सांगता येत नाही.

तेवढ्यात दुर्गा आली. पदर खोचला आणि आमच्या बाजूला पालक उपटायला लागली. सगळा वाफा साफ केला. मग बाबांकडे न पाहता म्हणाली, "बारिश के बाद फिर लगाना। पर पानी मैं देखूँगी। मेरे देखे बिना एक लोटा नहीं पड़ेगा।"

बाबा म्हणाले, त्यांच्यानं आता होणार नाही. वाडी दुसऱ्या कुणीतरी पाहावी.

"गलती आपकी है, तो मेहनत भी आप करेंगे," ती म्हणाली. "मेरी बच्ची को क्या मैं खाली भात खिलाऊँ?"

ती माफी नव्हती. दुर्गानं अजून माफ केलेलं नाही आणि मी तिला तसं कधी विचारणारही नाही. पण बाबांनी मान डोलावली. "हौ," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला.

मीही त्यांना माफ केलंय, असं तुला खोटं सांगत नाही. राग आहे. भाकरी वाढतानासुद्धा असतो. तरी आज वाढली, आणि ते जेवले.

वाडी पुन्हा लागेल तेव्हा लोक विश्वास ठेवतील का? निम्मी दारं तरी उघडतील का? मला माहीत नाही. पण एक वचन देते. पहिल्या दिवशी बादली बाबांच्या हातात असेल, मी बाजूला उभी असेन, आणि दार वाजवून पाणी तेच मागतील. नाही म्हणणाऱ्या दारावरून पुढच्या दारी जायचं असतं, हेही मी त्यांना शिकवीन.

तुझी,
रेखा