दहा दिवसांची खाट

उल्हासनगर कॅम्प २
दि. २० ऑक्टोबर १९९१

ती. भीमादादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू हसणार हे धरूनच लिहितेय. मी मॅरेथॉनचा फॉर्म भरला. पंधरा डिसेंबरला, ठाण्याला, पुरे बेचाळीस किलोमीटर. बदलापूर इथून दोन स्टेशनं, पण चौदा एप्रिल सोडला तर आपली भेट नाही, म्हणून पत्र.

कारखान्यात शिलाई मशीनवर बसून कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता कधी धावायला लागले कळलं नाही. आता पहाटे अंबरनाथच्या मोरिवली गावापर्यंत जाते आणि परत येते. तिथे गोदूबाई नावाची म्हातारी आगरीण अंगणात भाजी लावते. पहिल्या दिवशी तिला वाटलं, माझ्यामागे कुणी लागलंय. विळा घेऊनच बाहेर आली. आता माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवते.

तू शाळेच्या शर्यतीसाठी पळायचास आणि मी तुझा सदरा धरून मागे पळायचे, आठवतं का? आबा अंडं तुला एकट्याला द्यायचे. मीही तेवढंच पळायचे रे.

हे म्हणतात, सदतिसाव्या वर्षी लोक हसतील. मीनल म्हणते, माझ्या शाळेच्या रस्त्याने नको पळूस. बाकी ठीक. वहिनीला जयभीम. लोभ असू दे.

तुझी,
भागीरथी


बदलापूर
दि. ३ नोव्हेंबर १९९१

चि. भागीरथीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

हसलो नाही, पण तुझ्या वहिनीने हातातली पळी खाली ठेवली. अगं, बेचाळीस म्हणजे इथून कल्याणला जाऊन परत येऊन वर आणखी! सुरुवातीला जोर करू नकोस. श्वास नाकाने घे. खारीक-खोबरं खा. पळणं आपल्या रक्तातच आहे, मीच मध्ये सोडलं.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या रेषेवर मी उभा असेन. संपली की सरळ आमच्याकडे यायचं. रखमा मटण करील, आठ दिवस आराम कर. घर तुझंच आहे, विचारायचं नाही. दौलतरावांना नमस्कार, मीनलला आशीर्वाद. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझा,
भीमादादा


उल्हासनगर कॅम्प २
दि. १९ डिसेंबर १९९१

ती. भीमादादास,
सप्रेम जयभीम.

दादा, झाली. पाच तास बावीस मिनिटं. बायकांत शेवटून तिसरी, पण रेषा ओलांडली. तिसाव्या किलोमीटरनंतर पोटऱ्यांत असे गोळे आले की खांब धरून मोठ्याने रडले. एक पोलीस म्हणाला, मावशी, गाडीत बसा. मावशी म्हटल्याचा इतका राग आला की त्या रागावर चार किलोमीटर गेले.

शेवटी तुला शोधलं. गळ्यात बिल्ला घालणाऱ्या पोरीने विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे? म्हटलं, आहेत, मागे आहेत.

आता पुढचं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत. संडासात बसले तर उठता येत नाही. परवा आतून ओरडले, तेव्हा शेजारच्या सिंधी काकीने दार ढकलून मला उठवलं. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. डॉक्टर म्हणाले, स्नायू आतून फाटलेत, त्याचा भार मूत्रपिंडावर आलाय. दहा दिवस पडून राहा, पाणी पीत राहा, नाहीतर ॲडमिट करावं लागेल.

हे म्हणाले, शर्यत पळायला पाय होते, भाकरी थापायला नाहीत? ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना लघवीचं भांडं मी उचललं. बोलून दाखवत नाही, पण आठवतं. मीनल म्हणाली, आई, तुला कुणी सांगितलं होतं? पंधराची आहे, बापाची भाषा तिला छान जमते.

सेठने सुट्टी दिली. म्हणाला, पैर ठीक करके आना. सुट्टी आहे, पण पडायला जागा नाही. इथे जरा आडवी झाले की हाक येते. दहा दिवस तुझ्याकडे एक खाट दे. मटण नको. जमलं तर न्यायला ये, मला एकटीला चालवणार नाही.

तुझी,
भागीरथी


बदलापूर
दि. २४ डिसेंबर १९९१

चि. भागीरथीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी नेमकी मंडळाची मीटिंग लागली. मी आता सचिव झालोय, त्यामुळे निघता आलं नाही.

तुझ्या येण्याचं म्हणशील तर अडचण अशी, की रखमाची आई आली आहे आणि खाट तिला दिली आहे. शिवाय दुखण्यात नवऱ्याचं घर सोडून आलीस तर लोक चार गोष्टी बोलतील. दौलतराव तोंडाचे फटकळ, मनाचे वाईट नाहीत. बाईमाणसाने थोडं सोसून घ्यावं. गरम पाण्याने शेक, मीठ टाकून. पुढेमागे नक्की ये. आमची माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझा,
भीमादादा


बदलापूर
दि. १ जानेवारी १९९२

सौ. भागीरथीताईंस,
रखमाचा सप्रेम जयभीम.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. हे पत्र ह्यांना माहीत नाही.

माझी आई आलेली नाही. ती गावीच आहे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी खाटेची सुतळी ताणून घेतली, चादर धुतली. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, कशाला? मी म्हटलं, ताई येणार. तर म्हणाले, दहा दिवस म्हणेल आणि मग जायची नाही. मी पुढे बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

काल राहवलं नाही, डबा घेऊन तुमच्याकडे आले. मीनल म्हणाली, आई चार दिवस झाले कुठे गेली माहीत नाही. म्हणून पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाकते. ताई, जिथे असाल तिथून दोन ओळी लिहा. राग माझ्यावर काढा, पण लिहा.

तुमची,
रखमा


मोरिवली, अंबरनाथ
दि. ७ जानेवारी १९९२

प्रिय वहिनीस,
सप्रेम जयभीम.

काल कामावर गेले तेव्हा सेठने तुझं पत्र हातात दिलं. मी जिवंत आहे, काळजी करू नकोस.

सत्तावीस तारखेला भाकऱ्या करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पडले आणि तवाही पडला. ह्यांनी तवा उचलला. मी भिंत धरून उठले आणि तशीच बाहेर पडले. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं? तोंडातून मोरिवली आलं.

गोदूबाईने का आलीस म्हणून विचारलं नाही. ओटीवर गोधडी घातली, म्हणाली, निज गो बाय. दर तासाला तांब्या तोंडाला लावायची, आणि रिकामा झाल्याशिवाय जागची हलायची नाही. पाचव्या दिवशी लघवी साफ झाली, तेव्हा तिने तांदळाची भाकर आणि सुकट वाढलं. मी तिची कोण? ना जातीची, ना गावची.

हे सहाव्या दिवशी शोधत आले. ओटीखाली उभे राहून विचारलं, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंयस? म्हटलं, पिठाच्या डब्यामागे. गेले.

दहा दिवस झाले. उद्या घरी जाते, मीनलसाठी. मशीनचं पायडल मारताना अजून कळ येते, पण काम होतं. खोटं दादा बोलला, लाज तू धरू नकोस. त्याला काही विचारूही नकोस. आणि तू डबा घेऊन आली होतीस, ते मी विसरणार नाही.

तुझी,
भागीरथी


बदलापूर
दि. २८ जानेवारी १९९२

चि. भागीरथीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

परवाचा तुझ्या सत्काराचा कार्यक्रम झकास झाला, फक्त तूच नव्हतीस! हँडबिल वेळेवर पोचलं होतं ना? दोनशे छापली होती. ‘भीमराव यांच्या मार्गदर्शनाखाली मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या त्यांच्या भगिनी’ असं लिहिलं होतं. कमिटीनेच तसं सुचवलं, मी नको म्हणत होतो.

दौलतराव म्हणाले, तुझे पाय दुखतात म्हणून आली नाहीस. तुझ्या वतीने शाल आणि नारळ त्यांनीच घेतला. दोन शब्दही बोलले, आणि छान बोलले हो! म्हणाले, घरच्यांची साथ असल्याशिवाय बाईमाणूस एवढं पळू शकत नाही. टाळ्या पडल्या. मीनल पुढच्या रांगेत होती. सोबत फोटो पाठवतोय, फ्रेम करून लाव.

रखमा हल्ली कमी बोलते, थंडीचं अंग धरलं असेल. पुढच्या वर्षीही पळ, मंडळाकडून बनियन देऊ. आमचा जीव आहेच तुझ्यावर, तुझाही असू दे.

तुझा,
भीमादादा


मोरिवली
दि. १० फेब्रुवारी १९९२

भीमादादास जयभीम.

पत्र आणि फोटो मिळाला. हे शाल पांघरून घरी आले, त्यानंतर चार दिवस विचार केला. एक तारखेपासून गोदूबाईच्या मागच्या खोलीत राहते. इथूनच कामावर जाते. यापुढे पत्र टाकलंस तर या पत्त्यावर टाक.

हे तुझ्याकडे तक्रार घेऊन येतील. त्यांना बसायला दे आणि त्यांचं ऐकून घे. मला समजवायला तू येऊ नकोस. वहिनी आली तर येऊ दे.

पळणं अजून जमत नाही, डावी पोटरी धरते. सकाळी फाट्यापर्यंत चालते.

मीनलला बरोबर चल म्हटलं होतं. ती म्हणाली, आई, मी तिकडे नाही राहणार, पण दर रविवारी येत जाईन.

दोन रविवार गेले.

भागीरथी